साधी सर्दी आणि दमेकरी मूल

सन २००६ च्या फेब्रुवारी महिन्यांत नवापूर हें गांव एकाएकीं साऱ्या देशाच्या तोंडीं झालें. तेथील कोंबड्यांच्या शेडांतून पक्षी पटापट मरूं लागले होते. १८ तारखेस भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्वाळा जाहीर झाला, आणि आपल्या देशांत बर्ड फ्ल्यूचा विषाणु पहिल्यानें सांपडला तो नवापुरास, असें ठरलें. लक्षावधि कोंबड्या मारून पुरण्यांत आल्या, आणि कुक्कुटपालनावर पोट असलेलीं कुटुंबें उघडीं पडलीं. तेव्हां एकाहि माणसाला ह्या रोगाची बाधा झाल्याचें सिद्ध झालें नाहीं, तरी भय मात्र घरोघर शिरलें. पुढें पंधरा वर्षांनीं, २०२१ च्या फेब्रुवारींत, नवापुरावर तोच प्रसंग पुन्हां ओढवला.

नंदुरबार जिल्ह्यांत विषाणु हा शब्द निघाला कीं अजून हीच आठवण निघते. ती निघावी हें योग्यच आहे. पण ज्या विषाणूविषयीं आम्ही आज लिहिणार आहोंत त्याची बातमी कोणत्याहि वृत्तपत्रांत येत नाहीं. तो म्हणजे साध्या सर्दीचा विषाणु. चार शिंका, वाहतें नाक, थोडी कणकण, आणि आठवड्याभरांत सारें विसरून जावें, असा त्याचा लौकिक. परंतु ज्या घरांत दमेकरी मूल आहे त्या घरच्या आईला विचारून पाहावें. सर्दीची दुसरी किंवा तिसरी रात्र उशाशीं बसून काढावी लागते, हें तिला अनुभवानें ठाऊक असतें. सर्दी नाकाची, मग छातीचा भाता कां व्हावा? ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या तीसएक वर्षांत शास्त्रज्ञांच्या हातीं येऊं लागलें आहे, आणि तें घरांत पोंचलें नसल्यामुळें पुष्कळ मुलांचें औषध नेमकें नको त्या वेळीं बंद केलें जातें.

नंदुरबारचा आणखी एक लौकिक म्हणजे तेथील मिरची. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला, पण मिरचीचा बाजार त्याहून कितीतरी जुना. हिंवाळ्यांत शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते. वाऱ्याबरोबर तिचा खकाणा आला कीं परगांवचा पाहुणा ठसकूं लागतो. हा ठसका म्हणजे दमा नव्हे, एवढें प्रथम सांगून टाकलें पाहिजे. मिरचींतील कॅप्सेसिन नांवाचें द्रव्य ज्ञानतंतूंवरील एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन भिडतें. तोच ग्राहक उष्णतेनेंहि चेततो, म्हणून मिरची आपल्याला 'भाजते'. हा ग्राहक डेव्हिड ज्यूलियस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं शोधून काढला, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा तो वांटेकरी झाला. खकाणा कोणालाहि झोंबतो. पाणी प्यावें, बाजूला व्हावें, कीं ठसका शमतो. दमेकऱ्याची श्वासनलिका आधींच हुळहुळी असल्यामुळें त्याला तो अधिक लागतो इतकेंच. पण दम्याचें मूळ त्यांत नाहीं.

मुलांतील बहुतेक दम्याचें मूळ असतें तें वावडें, ज्याला डॉक्टर लोक ॲलर्जी म्हणतात. गादींत व उशींत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा धूळकिडा, झुरळें, पावसाळ्यांत भिंतीवर उमटणारी बुरशी, गवताचे पराग. ह्यांपैकीं एकहि वस्तु स्वतः विषारी नाहीं. पण कांहीं शरीरें त्यांना शत्रु समजतात आणि आयजीई नांवाचीं प्रतिपिंडें तयार करून ठेवितात. हीं प्रतिपिंडें १९६६ च्या सुमारास अमेरिकेंत डेन्व्हर येथें काम करणाऱ्या इशिझाका ह्या जपानी पतिपत्नींनीं ओळखलीं, आणि त्याच वेळीं स्वीडनमध्येंहि दोघां संशोधकांना तीं स्वतंत्रपणें सांपडलीं. आयजीई श्वासनलिकेंतील कांहीं पेशींच्या पाठीवर जाऊन बसतें. वावड्याचा कण आला कीं त्या पेशी आपलीं द्रव्यें ओततात. नळीचे स्नायु आवळतात, अस्तर सुजतें, चिकट कफ सुटतो. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी कीं ही सूज झटक्याबरोबर येऊन झटक्याबरोबर जात नाहीं. मूल अंगणांत धांवत असतें, हंसत असतें, तेव्हांहि ती आंत सौम्यपणें चालूच असते.

आतां दुसरी बाजू. विषाणु पेशींत शिरला म्हणजे पेशी बहुधा मरते. पण मरण्यापूर्वीं ती एक मोठें काम करते. ती दवंडी पिटते. ह्या दवंडीचें नांव इंटरफेरॉन. १९५७ सालीं लंडनमध्यें आयझॅक्स आणि लिंडेनमान ह्या दोघांनीं ह्या प्रथिनाचा शोध लावला. तें शेजारच्या पेशींना सावध करतें, आणि त्या आपल्या आंत विषाणूची पैदास होऊं नये अशी व्यवस्था करून ठेवतात. निरोगी मुलाची सर्दी नाकांतच आटोपते ह्याचें बरेंचसें श्रेय ह्या दवंडीला आहे. आणि ह्याच प्रथिनाचें आणखी एक काम अलीकडे ध्यानांत आलें आहे: वावड्याचा दाह ज्या पेशी वाढवितात, त्यांना इंटरफेरॉन लगाम घालतें.

हीं दोन खातीं एकाच घरांतलीं आहेत आणि त्यांचें आपसांत पटत नाहीं, असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं. रक्तांतील ज्या पेशी इंटरफेरॉन सर्वांत अधिक प्रमाणांत बनवितात, त्यांच्याहि पाठीवर आयजीईला बसावयास जागा असते. अमेरिकन संशोधकांनीं २०१० सालीं दाखविलें कीं दमेकऱ्यांच्या ह्या पेशींसमोर फ्ल्यूचा विषाणु ठेवला असतां त्या कमी इंटरफेरॉन सोडतात, आणि ज्याच्या रक्तांत आयजीई अधिक त्याचें इंटरफेरॉन त्या मानानें कमी. म्हणजे वावड्यानें दवंडी पिटणाराचेंच तोंड दाबलें. विषाणूला मोकळें रान मिळतें. तो नाकांतून खालीं छातींत उतरतो, नळीचें अस्तर फोडतो. फुटलेल्या अस्तरांतून इंटरल्यूकिन-३३ सारखीं द्रव्यें बाहेर पडतात, आणि तीं वावड्याच्या दाहाला आणखी चेतवितात. लंडनमध्यें दमेकरी स्वयंसेवकांच्या नाकांत मुद्दाम सर्दीचा विषाणु सोडून हें २०१४ सालीं प्रत्यक्ष पाहण्यांत आलें. दाह वाढला कीं दवंडी आणखी क्षीण, दवंडी क्षीण कीं लगाम सैल. दोन दिवसांपूर्वींची शिंक तिसऱ्या रात्रीं धांप होते ती अशी.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत श्वासरोगाचा अध्याय आहे. त्यांत तमकश्वासाचें वर्णन करितांना पीनस, म्हणजे पडसें, त्याच्या बरोबरच सांगितलें आहे, आणि ढग, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा ह्यांनीं तो वाढतो असेंहि म्हटलें आहे. कारणमीमांसा अर्थात् निराळी; पण डोळ्यांनीं पाहण्यांत त्या वैद्यांनीं कसर केली नव्हती.

आधुनिकांचें पाहणें मोजून झालें. इंग्लंडांत साउथॅम्प्टन येथें नऊ ते अकरा वर्षांच्या १०८ मुलांवर वर्षाहून अधिक काळ नजर ठेवण्यांत आली; १९९५ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. दम्याच्या उचलीच्या वेळीं नाकांतील स्राव तपासला असतां ऐंशी ते पंचायशी टक्के वेळां विषाणु सांपडला, आणि त्यांत बहुतेक वांटा ऱ्हायनोव्हायरस ह्या सर्दीच्या विषाणूचा होता. ह्याच्या एकशेंसाठांवर उपजाति आहेत. म्हणूनच ह्यावर लस निघालेली नाहीं. ज्या सालीं नवापुराच्या नांवाचा गवगवा झाला त्याच २००६ सालीं ऱ्हायनोव्हायरसची 'क' ही तिसरी जात प्रथम ध्यानांत आली. लहान मुलांना दम्यासाठीं इस्पितळांत नेण्याची वेळ आणण्यांत ती अग्रेसर आहे. त्या वर्षीं तिच्याविषयीं कोण बोलणार?

मॅंचेस्टरचा एक अभ्यासहि २००६ चाच. दम्यासाठीं इस्पितळांत दाखल झालेल्या मुलांची तुलना घरींच ठीक असलेल्या दमेकरी मुलांशीं केली, तेव्हां असें दिसलें कीं नुसता विषाणु किंवा नुसतें वावडें हें दाखल होण्याचें स्वतंत्र कारण ठरत नाहीं. परंतु एखाद्या वस्तूचें वावडें असलेलें मूल, त्याच वस्तूनें भरलेलें घर, आणि वर सर्दी, असा त्रिवेणी योग आला म्हणजे इस्पितळांत जाण्याचा संभव जवळजवळ एकोणीसपट होतो. सर्दी आपण चुकवूं शकत नाहीं. घरांतील वावड्याची वस्तु बव्हंशीं कमी करूं शकतों, आणि औषधानें दाह त्याहूनहि अधिक कमी करूं शकतों. एकोणीसपटीचा हिशोब मोडण्याची जागा तीच आहे.

आपल्याकडे हा योग केव्हां जुळतो? कॅनडांत व अमेरिकेंत सुट्टीनंतर शाळा सप्टेंबरांत उघडतात आणि त्यानंतर दोनतीन आठवड्यांत दमेकरी मुलांची इस्पितळांत रीघ लागते, हें तेथील डॉक्टरांना पाठ झालें आहे. आपल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि त्याच पंधरवड्यांत पाऊस लागतो. एका बाकावर तिघें बसतात, ओल्या भिंतींवर बुरशी धरते, गाद्या उन्हांत टाकण्याची सोय राहत नाहीं. सातपुड्याच्या अंगास आश्रमशाळांतून तर एका दालनांत पुष्कळ मुलें शेजारीं शेजारीं निजतात; एकाची सर्दी सगळ्यांची होते. पुढें गणपतींत आप्तेष्टांची गर्दी, बंद खोलींत धूप आणि उदबत्त्या. देवापुढें उदबत्ती लावूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत दमेकरी मूल आहे तेथें समईच्या उजेडांत आरती झाल्यास देवाची कांहीं तक्रार असेल असें आम्हांस वाटत नाहीं. डांसांसाठीं रात्रभर जळणारी अगरबत्ती मात्र मुलाच्या खोलींतून खरोखरच हद्दपार करावी. तिच्यापेक्षां मच्छरदाणी बरी.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. दमेकऱ्याच्या अस्तरांतील पेशी इंटरफेरॉन कमी बनवितात, हें साउथॅम्प्टनकरांनीं २००५ सालीं प्रयोगशाळेंत दाखविलें, आणि त्या पेशींना तें बाहेरून पुरविलें असतां विषाणूची वाढ रोडावली. पुढें इतरांनीं हाच प्रयोग केला तेव्हां सर्वांना सारखा निकाल येईना. प्रथम गोंधळ उडाला. मग २०१४ सालीं एका अभ्यासांत असें आढळलें कीं ज्या दमेकऱ्यांचा दमा औषधानें नीट आवरलेला आहे त्यांचें इंटरफेरॉन निरोगी माणसापेक्षां कमी नसतें. ह्या विषयावरील साऱ्या संशोधनांत आम्हांस हें वाक्य सर्वांत मोलाचें वाटतें. पुढील वर्षीं, २०१५ सालीं, अमेरिकेंतून दुजोरा आला. तेथें शहरांतील दमेकरी मुलांना शाळा उघडण्याच्या चार ते सहा आठवडे आधींपासून आयजीईला निकामी करणारें ओमॅलिझुमॅब हें इंजेक्शन दिलें. त्या हंगामांत दम्याची उचल झालेल्या मुलांचें प्रमाण एकवीस टक्क्यांवरून सुमारें अकरा टक्क्यांवर आलें. आणि ज्यांचें इंटरफेरॉन अधिक वाढलें त्यांना उचल कमी झाली. हें इंजेक्शन महाग, तें सर्वांसाठीं नव्हे, आणि आम्ही तें सुचवीतहि नाहीं. त्यानें दाखविलें तें एवढेंच कीं वावडें आधीं शांत केलें तर सर्दीशीं लढण्याची ताकद आपोआप परत येते. 'आधीं' ह्या शब्दावर जोर आहे. सर्दी छातींत उतरल्यावर जागें होऊन भागत नाहीं.

रोजच्या व्यवहारांत वावडें शांत ठेवण्याचें साधन म्हणजे स्टेरॉइडचा तो पंप, ज्याचें नांव काढतांच आमच्या घरांतून कपाळाला आठ्या पडतात. 'पंपाची संवय लागते', 'पंप म्हणजे शेवटचा उपाय', 'आतां बरी आहे ना, मग कशाला?' हीं वाक्यें शिकलेल्या घरांतच अधिक ऐकूं येतात, कारण शिकलेल्या माणसाला स्टेरॉइड हा शब्द ठाऊक असतो. पोटांत घ्यावयाच्या गोळीच्या मानानें पंपांतील मात्रा अतिशय अल्प, आणि ती जेथें पाहिजे तेथेंच जाते. अधिक मात्रेनें मुलाची उंची किंचित् कमी भरते, हें खरें आहे. तोंड खळखळून धुतलें नाहीं तर तोंड येतें, हेंहि खरें. प्रयोगशाळेंत कांहीं वेळां असेंहि दिसलें आहे कीं स्टेरॉइड स्वतःच इंटरफेरॉनला थोडें दाबतें. वाचकांपासून हें लपविण्याचें कारण नाहीं. पण प्रत्यक्ष रोग्यांचा हिशोब काय सांगतो? २००० सालीं कॅनडांतून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणींत, अल्प मात्रेचा हा पंप नियमानें घेणारांत दम्यानें होणारे मृत्यु पुष्कळच कमी आढळले. आणि पंप सोडल्यावर पहिल्या तीन महिन्यांत धोका वाढलेला दिसला. वैद्यकांत कांचेच्या नळींतील निकालापेक्षां माणसाचा निकाल वरचढ मानावा लागतो.

केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर दिवस काढणें हें त्याहून घातक. जगभरच्या दमातज्ज्ञांच्या मार्गदर्शक संस्थेनें २०१९ पासून मोठ्या माणसांना व किशोरवयीनांना तसें करूं नका असें स्पष्ट सांगितलें आहे. तरीहि आपल्याकडे दुकानांतून आणला जातो तो बहुधा हाच पंप, किंवा सल्ब्युटॅमॉलचें गोड सरबत. जगांतील दमेकऱ्यांपैकीं सुमारें आठवा हिस्सा भारतांत, आणि दम्याच्या मृत्यूंपैकीं पंचमांशांचे दोन हिस्से भारतांत, असा २०१९ च्या जागतिक रोगभाराचा अंदाज आहे. रोग सारखाच असून आमची माणसें अधिक मरतात, ह्याचें कारण हवेंत जितकें आहे तितकेंच कपाटांत न उघडलेल्या पंपाच्या खोक्यांतहि आहे.

मुलीच्या बाबतींत हें विशेष कठोरपणें सांगितलें पाहिजे. स्थळें येऊं लागलीं कीं पंप कपाटाच्या मागच्या कप्प्यांत जातो. पाहुण्यांसमोर धांप लागूं नये म्हणून तिला जिना चढूं देत नाहींत, आणि लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यांत, नव्या घरीं, नव्या गादीवर, सर्वांच्या सर्द्या काढतांना, ती औषधावांचून असते. कारण औषध घेतलें तर गुपित फुटेल. दमा असलेली मुलगी संसार, नोकरी, बाळंतपण सारें उत्तम करूं शकते. आवरलेला दमा बाळंतपणांत फारसा आड येत नाहीं. न आवरलेला मात्र आईला व बाळाला दोघांनाहि घातक होतो. ज्या घराला पंप दिसलेला खपत नाहीं, तें घर आम्ही आमच्या मुलीसाठीं पाहणार नाहीं.

करोनाच्या सांथींत दमेकऱ्यांची धडगत नाहीं अशी भीति सर्वांस वाटली होती. नंदुरबार जिल्ह्यानें त्या वेळीं, २०२०-२१ मध्यें, स्वतःचे प्राणवायूचे संच उभारून ठेविले होते आणि दुसऱ्या लाटेंत त्याचें देशभर कौतुक झालें. मागाहून दिसलें तें असें कीं सौम्य व आवरलेला दमा असणारांना करोनानें मरण्याचा धोका इतरांहून अधिक नव्हता. नुकत्याच स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागलेल्या, म्हणजे दमा न आवरलेल्या रोग्यांना तो होता. वावड्याच्या दम्यांत त्या विषाणूची शिरण्याची वाट अस्तरावर कमी असते, असेंहि २०२० सालीं आढळलें. एका विषाणूला जें दार उघडें, तें दुसऱ्याला अर्धें लोटलेलें असूं शकतें. म्हणून सर्व विषाणु एका मापानें मोजूं नयेत.

सर्दी झाल्यावर काय करावें, हें डॉक्टरांकडून आधींच कागदावर लिहून घ्यावें आणि तो कागद स्वयंपाकघरांत चिकटवावा. प्रतिजैविकांचा मारा मागूं नये. विषाणूवर तीं चालत नाहींत. फ्ल्यूची लस दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं द्यावी. ती सर्दीला थांबवीत नाहीं, पण एक वाट तरी बुजवते. मूल एका दमांत वाक्य पुरें करूं शकत नसेल, बरगड्यांमधील कातडें आंत ओढलें जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, अथवा आरामाच्या पंपाचा गुण चार तासहि टिकत नसेल, तर उजाडण्याची वाट पाहूं नये. एक खूण फसवी आहे. छातींतील शीळ एकाएकीं बंद होऊन मूल मलूल पडलें, तर तें बरें झालेलें नसतें. हवा आंतबाहेर होणेंच थांबत आलेलें असतें.

धडगांव किंवा तोरणमाळच्या बाजूस घाटरस्ता उतरून इस्पितळ गांठीपर्यंत मोलाचा वेळ जातो, आणि तेथें पंपाबरोबर लावावयाची स्पेसर नांवाची नळी पाड्यावर मिळणें कठीण. लहान मुलाला नळीवांचून पंप दिला तर औषध घशालाच चिकटून राहतें. दक्षिण आफ्रिकेंत केप टाऊनच्या डॉक्टरांनीं १९९९ सालीं ह्यावर एक उपाय पारखून पाहिला. अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्यावी; बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचें भोंक पाडून पंप त्यांत घट्ट बसवावा, भोंवतीं फट राहूं देऊं नये; बाटलीचें तोंड मुलाच्या ओठांत धरून पंप एकदां दाबावा, आणि मुलाला सावकाश श्वास घेऊं द्यावा. अशी बाटली विकतच्या नळीइतकीच गुणकारी ठरली. पॉलिस्टायरीनचा पेला मात्र त्यांना तितकासा उपयोगी पडला नाहीं. बाटली साबणाच्या पाण्यानें धुवावी व न पुसतां तशीच निथळूं द्यावी; पुसल्यानें तिच्या अंगीं विजेचा भार येतो आणि औषध भिंतीला चिकटतें. मृग लागण्याच्या आंत अशा दोन बाटल्या तयार करून एक घरीं आणि एक शाळेच्या औषधपेटींत ठेवावी, आणि पंपांत किती मात्रा उरल्या आहेत तें त्याच दिवशीं मोजून घ्यावें.